रिकाम्या पट्ट्या

४ नोव्हेंबर, सोमवार. हिंगोली

मी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना, अशी गंभीर तक्रार नोंदवतो की मला दिलेल्या खोलीतला पंखा फिरतो, पण त्याचा वारा मला लागत नाही. तो भिंतीवरच्या बँकेच्या कॅलेंडरला लागतो. कॅलेंडर सुखात फडफडत असतं आणि मी खाटेवर घामाघूम. खाट सरकवावी तर तिचा एक पाय फरशीच्या खड्ड्यात पक्का बसलाय. कॅलेंडर हलवावं तर खिळा भिंतीसकट बाहेर येतो. नोव्हेंबरात पंखा लागतो यावरून गावाचा स्वभाव कळावा. मानवी हक्कांचं कोणतं कलम इथं लागू पडतं ते शोधायला हवं.

एवढं सोडलं तर मजेत आहे. सांगलीत पंचवीसेक वर्षं औषधांचं दुकान चालवलं. मोबाईलवर सूट मिळायला लागल्यापासून गिऱ्हाईकं माझ्याकडे फक्त सुटे मागायला यायची. मग शटर ओढलं आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी नोकरी धरली. सेनगाव रस्त्यावरचं हे ट्रस्टचं रुग्णालय. ज्यांचा कॅन्सर बरा होणार नाही अशांचं निदान दुखणं तरी थांबावं म्हणून इथं एक वेगळा कक्ष आहे. त्याच्या औषधखोलीचा मी प्रमुख. माझ्या हाताखाली मीच.

सबीहा सिस्टरनं चहा पाजला. गेली वीस वर्षं या कक्षाचा कारभार त्यांच्याच हाती आहे, असं डॉक्टर सोडून सगळे सांगतात. बायकोला फोनवर म्हटलं, हवा कोरडी आहे, माणसं बरी आहेत, पाणी जड आहे. ती म्हणाली, तुमच्यापेक्षा जड नसेल. सरलाची ही माया.

९ नोव्हेंबर, शनिवार

या खोलीचं दैवत म्हणजे मॉर्फिनचं कपाट. दोन कुलपं, दोन किल्ल्या. एक माझ्याकडे, दुसरी सबीहा सिस्टरकडे. दोघं समोर उभे राहिल्याशिवाय दार उघडत नाही. सातबाऱ्याच्या फेरफारालासुद्धा इतकी साक्ष लागत नसेल. रुग्णालयाला राज्याची मान्यता हवी. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरचं त्यासाठीचं प्रशिक्षण झालेलं हवं, म्हणजे इथं एकट्या डॉ. जान्हवी. चिठ्ठीवर रुग्णाचं नाव, गाव, आजार, डोस. नेणाऱ्या नातेवाइकाची ओळख. रोजचा हिशेब रोज. एक गोळी इकडची तिकडे झाली तर मला देवाला नाही, निरीक्षकाला तोंड द्यायचंय. सरकारला अफूची जेवढी भीती वाटते तेवढी दुखण्याची वाटत नाही. दुखणं फायलीत बसत नाही ना.

मला हे सगळं आवडतं, कबूल करतो. नियम म्हणजे इस्त्रीचा शर्ट. घातला की माणूस आपोआप ताठ चालतो.

या नियमांवर मी माझा एक चढवला. दिलेल्या प्रत्येक पट्टीवर रुग्णालयाचा शिक्का आणि रुग्णाचं नाव. पुढच्या गोळ्या हव्या असतील तर आधी रिकाम्या पट्ट्या माझ्या हातात. म्हणजे गोळ्या बाहेर विकल्या जात नाहीत याची खात्री. डॉ. जान्हवी म्हणाल्या, कायद्यात असं काही नाही, पण कल्पना चांगली आहे. खिडकीबाहेर ठळक अक्षरांत पाटी लावली.

सबीहा सिस्टरनी पाटी वाचली. मग म्हणाल्या, सर, लोक उकिरड्यावर टाकतात तेच बरंय की, तुमी काहून हातात मागता? मी म्हटलं, सिस्टर, शिस्त. त्या कामाला लागल्या. वीस वर्षांची सवय आहे, जाईल हळूहळू.

१८ नोव्हेंबर, सोमवार

पहिली चकमक. साखऱ्याजवळच्या तांड्यावरचा धनसिंग आला. दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणारा माणूस, यंदा बायकोपायी राहिला. पद्माबाईचा कॅन्सर गर्भाशयातून खुब्याच्या हाडात उतरलाय. चिठ्ठी बरोबर, ओळखपत्र बरोबर, पट्ट्या नाहीत. म्हणाला, साहेब, त्या लेकरांनी खेळायला नेल्या. मी पाटीकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, मला वाचता येत न्हाई. मी वाचून दाखवली. त्यानं हात जोडले. म्हणाला, ती सकाळपासून खाटंचं लाकूड चावून राहिली. मी म्हणालो, मग जितक्या लवकर जाशील तितक्या लवकर येशील.

गेला बिचारा. एसटीनं जाऊन, पट्ट्या हुडकून, संध्याकाळच्या आत परत आला. हातावर ठेवल्या. चुरगळलेल्या, पण पूर्ण. मी गोळ्या दिल्या आणि मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली. एकदा खंबीर राहिलं की लोक शिकतात.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

लोक शिकले. आता न मागता पट्ट्या येतात.

मात्र हिंगोलीकरांच्या रीतीभातींवर एक निबंध लिहायला हवा. पट्टी माझ्या तळहातावर ठेवताना कोणी बोलत नाही. ‘घ्या’ नाही, ‘नमस्कार’ नाही. तोंड मिटून ठेवतात, गोळ्या घेतात आणि वळतात. जाताना मागे बघत नाहीत. एकाची पिशवी खिडकीतच राहिली, मी हाका मारल्या, गडी फाटकाबाहेर गेला तरी मान वळवली नाही. पट्ट्यांना हळद लागलेली असते. इथं हळदीचा बाजार मोठा, समजू शकतो. पण जळक्या मिरचीचा आणि मिठाचा वास का यावा? चुलीजवळ ठेवत असतील.

बाकी चांगलं चाललंय. डॉ. जान्हवी खूश आहेत. रुग्णांना झोप लागते, जेवण जातं. पद्माबाई उठून बसली म्हणे. आखाडा बाळापूरचा मुजाहिद, पंक्चरचं दुकान आहे त्याचं, सांगत होता की त्याची अम्मी, जैनबबी, बाजारात बांगड्या विकायला पुन्हा बसायचं म्हणते. मिश्रीनं तिचा जबडा खाल्लाय. डॉक्टर म्हणाल्या, तुमच्या नियमामुळं लोक गोळ्या वेळेवर घेतात. ट्रस्टच्या बैठकीत माझं नाव निघालं.

६ डिसेंबर, शुक्रवार

डावा जबडा दुखतोय. अक्कलदाढ म्हणावी तर ती सांगलीतच सोडून आलोय.

९ डिसेंबर, सोमवार

दातांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. म्हणाले, या वयाला एवढे चांगले दात फार कमी बघायला मिळतात. मी दुखतंय म्हटलं तेव्हा ते किंचित दुखावले. परतताना गालात कोणीतरी गरम सळई फिरवत होतं. सळई ही उपमा आहे असं आत्तापर्यंत वाटायचं. तोंड उघडून भात खाता येत नाही. वरण पितो.

१५ डिसेंबर, रविवार

आता खुबा. उजवा. मुंग्या नव्हेत, लचक नव्हे, हाडाच्या आत. उठताना, बसताना, काही न करताना. नांदेडला जाऊन स्कॅन केला. अहवालाची भाषा फार सुंदर आहे: सर्व काही सामान्य मर्यादेत.

स्कॅनच्या टेबलावर पडल्या पडल्या एक गोष्ट लक्षात आली. मी सहज, नकळत, तोंडाशी आलेल्या उशीचा कोपरा दातात धरला होता. दुखऱ्या जबड्यानं चावत होतो. खाटेचं लाकूड.

२० डिसेंबर, शुक्रवार

परवा औंढ्याच्या एका म्हाताऱ्याची पट्टी आली. त्याचं पाठीच्या मणक्यात आहे. आज सकाळी मला मोजे घालता आले नाहीत.

पट्ट्यांवर नावं आहेत. मीच लिहिली आहेत.

नाही. बावन्न वर्षांचा, औषधशास्त्राची पदवी घेतलेला माणूस मी. दुखणं पट्टीतून येत नाही. चिकटतं ते औषध, दुखणं नाही. झोप हवी आहे, बाकी काही नाही.

२६ डिसेंबर, गुरुवार

सबीहा सिस्टरना विचारलं. त्यांनी आधी दार लावलं. म्हणाल्या, सर, बुरा नका मानू, पहिल्या दिवशीच सांगायला पाहिजे होतं. मी हसेन असं वाटलं म्हणे त्यांना. बरोबर वाटलं.

त्यांनी सांगितलं ते असं. दुखणं उतरवायची रीत सगळ्यांत आहे. तांड्यावर, मराठ्यांत, माळ्यांत उतारा म्हणतात, सिस्टरच्या मुसलमानांत सदका. मीठ, मिरच्या, लिंबू दुखणाऱ्या माणसावरून ओवाळायचं, मुक्यानं न्यायचं, तीन रस्ते मिळतात तिथं टाकायचं, मागं बघायचं नाही. कोणी ओलांडलं तर थोडं त्याला लागतं, न ओलांडलं तर मातीत जातं. पूर्वीपासून आहे, कोणाचं फार बिघडत नाही. पण कुणी ते स्वतःहून मागून घेतलं, हात पुढं करून घेतलं, तर सगळं त्याचं होतं. असं कोणी करत नाही. मागणारा अजून जन्मला नव्हता, असं सिस्टर म्हणाल्या.

मग एक माणूस आला, सांगलीचा, आणि त्यानं पाटी लावली.

लोकांनी आपसांत ठरवलं नव्हतं. ज्यानं त्यानं आपापल्या घरी तेच केलं. गोळ्या संपल्या की रिकामी पट्टी दुखऱ्या जागेवरून ओवाळायची. मागून राहिला तर देऊ.

मी हसलो. जबड्यातून कळ गेली आणि हसू अर्धवट राहिलं.

२ जानेवारी, गुरुवार

पाटी काढली. प्रत्येकाला सांगितलं, आता पट्ट्या नकोत, नियम रद्द. ते ऐकतात, मान हलवतात आणि हात पुढे करतात. मी हात मागे घेतो. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघवत नाही. कुरुंद्याहून आलेली एक सून मला म्हणाली, सासऱ्याची अजून एकदा घ्या साहेब, ते पोरावानी झोपले हो. जणू मी उसनं देणं बंद करून राहिलोय.

घेतली नाही. बसून राहिलो, हात मांडीखाली.

७ जानेवारी, मंगळवार

आज धनसिंगनं पद्माबाईला टेम्पोत घालून आणलं. पाच दिवस तिची पट्टी मी घेतली नाही. डॉक्टरांनी डोस वाढवला होता, पुन्हा वाढवला. गोळी चढायच्या आतच खुबा पुन्हा पेटायचा.

फाटकापासून आवाज येत होता. मला आधी वाटलं, लोखंडी फाटक ओढतायत कोणी.

मी खिडकी लावून घेतली. आवाज खिडकीतून येत नव्हताच, माझ्या हाडातून येत होता, कारण तो मला माहीत होता — रोज रात्री तोच गिळतो मी. आणि मला नोव्हेंबरातल्या त्या सोमवारची आठवण झाली. लेकरांनी पट्ट्या खेळायला नेल्या होत्या. मी पाटी वाचून दाखवली होती.

बाहेर गेलो. धनसिंग बोलला नाही. त्याच्या खिशात पट्टी होती, त्यानं ती काढली नाही. मी हात पुढे केला. मी मागितली. ‘द्या’ म्हणालो. त्यानं ठेवली.

गाडीतला आवाज थांबला. मी टेम्पोच्या चाकाजवळ बसलो ते सबीहा सिस्टरनी उचलेपर्यंत.

१२ जानेवारी, रविवार

सगळ्यांच्या घेतो आता. एकीची घेऊन दुसऱ्याची कशी नाकारू. यादी करून बघितली, कोणाचं दुखणं जास्त. हे ठरवणारा मी कोण, असा प्रश्न पडला. नोव्हेंबरात पडत नव्हता.

१५ जानेवारी, बुधवार. सांगली

संक्रांतीला घरी आलो. वाटलं, अंतर पडलं की सुटेल. एसटीतून उतरलो तेव्हा मणका, खुबा, जबडा, आणि बार्शीच्या पुढे कुठेतरी चढलेलं पोट — सगळे सोबत उतरले. सरलानं दारात बघितलं आणि हातातला तिळगूळ खाली ठेवला. ती चेष्टा करणारी बाई. चेष्टा केली नाही. म्हणाली, परत जाऊ नका.

तिला सांगितलं. सगळं. ती म्हणाली, मग माझ्याकडे द्या थोडं. मी मागते.

तिच्या तोंडावर हात ठेवला. जोरात ठेवला, तिला लागलं असेल. पहाटेच्या गाडीनं निघालो.

२० जानेवारी, सोमवार

डॉ. जान्हवींसमोर बसलो. मॉर्फिन मागितलं. माझ्यासाठी.

त्या वाईट नाहीत. त्यांनी माझे सगळे अहवाल पुन्हा बघितले, कागद उजेडात धरून. म्हणाल्या, आजार कुठे लिहू? चिठ्ठीवर आजार लागतो, तुम्हीच मला पहिल्या आठवड्यात शिकवलंत. मी म्हटलं, जबड्याचा कॅन्सर, जैनबबीचा. खुब्याचा, पद्माबाईचा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मनोविकारतज्ज्ञाचं नाव लिहून दिलं. नांदेडचे. चांगले आहेत म्हणे.

त्यांच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. तेच तर—

२१ जानेवारी

सबीहा सिस्टरकडे दुसरी किल्ली मागितली. पाया पडलो. खरोखर, वाकून, मणक्यासकट. माझ्या किल्लीनं अर्धं कपाट उघडतं. अर्ध्या उघडलेल्या कपाटासमोर बसतो मी दिवसभर. आत गोळ्या. चार बोटांवर.

त्या रडल्या. किल्ली मुठीत धरली आणि म्हणाल्या, सर, चिठ्ठी आणा.

माझंच वाक्य. माझ्याच सुरात.

२३ जानेवारी

जैनबबी गेली.

लिहितो, कोणी वाचणार नाही म्हणून — मी वाट बघत होतो. तिच्या मरणाची. वाटलं, ती गेली की जबडा सुटेल. रोज मुजाहिद आला की त्याच्या तोंडाकडे बघायचो. आज तो आला, टोपी हातात. म्हणाला, अम्मी हसत गेली साहेब. दुवा दिली तुमाला. शेवटचं पान खायचं म्हणाली, खाल्लं.

जबडा आहे तिथंच आहे. आता त्याला दुसरं घर उरलं नाही.

२७ जानेवारी

पट्ट्यांचा पत्र्याचा डबा कयाधूत टाकला. पुलावरून. हलकं वाटलं, क्षणभर.

दुपारी नदीवर गुरं घेऊन गेलेले दोघं फाटकात. भिजलेला डबा, भिजलेल्या पट्ट्या, एक एक पुसून आणल्या होत्या. शिक्का आहे साहेब, नावं आहेत, औषधाचा माल, पोलिसांचं लफडं व्हायचं म्हणून आणून दिला. मी आभार मानले. इथं इतके प्रामाणिक लोक का आहेत.

३० जानेवारी

खाता येत नाही. वरणही नाही. कळल्यावर धनसिंग स्टीलच्या डब्यात ज्वारीची आंबील घेऊन आला. ताकातली, पातळ, जिरं घातलेली. पद्माबाईनं केली. वर्षभरानंतर पहिल्यांदा चुलीपुढं बसली, धनसिंग म्हणाला. बसूनच हलवली तिनं, पण सोता हलवली.

तिचा खुबा माझ्याजवळ आणि तिची आंबील माझ्या घशात. प्यालो. डबा राहिला माझ्याकडे.

त्याला विचारलं, हे सुटतं कसं. तो म्हणाला, तुमच्याकडून कुनी मागून घेतलं तर सुटंल. जसं तुमी घेतलं. पन त्यानं सोताच्या तोंडानं मागावं लागतं. कुनी न सांगता. मग म्हणाला, आमी तुमाला सांगितलं न्हवतं. चुकलं आमचं.

मी म्हटलं, पाटी मी लावली होती.

३ फेब्रुवारी

ट्रस्टचं पत्र. माझी तब्येत पाहता दुसरी नेमणूक. रेवती नावाची मुलगी, लातूरची, येत्या सोमवारपासून. फोन आला तिचा. आनंदी आवाज. सर, तुमच्या रिकाम्या पट्ट्यांच्या नियमाबद्दल बैठकीत ऐकलं, फार छान आहे, मी तो पुन्हा सुरू करणार. आणि तुमच्याकडच्या जुन्या पट्ट्यांचा ताबाही मला लागेल, मोजून घेईन.

न सांगता. स्वतःच्या तोंडानं.

मी म्हणालो, या.

५ फेब्रुवारी

तिला काही सांगायचं नाही. हसून द्यायचा डबा. ती तरुण आहे. तरुण माणसं सोसतात. लातूरची माणसं काटक — हे मी कुठं वाचलं. नाही वाचलं.

सगळं एकदम दुखतं. कोणतं कोणाचं, कळत नाही. पोट कळमनुरीचं. हात कोणाचा तरी. नाव पुसलं गेलंय.

६ फेब्रु.

पुन्हा पुन्हा डबा पुसतो. तिला स्वच्छ मिळावा.

८ फेब्रु., शनिवार

ती आजच आली, दोन दिवस आधी, जागा बघायला. पाठीला सॅक. बोटाला शाई. खुर्चीत बसली, कपाट बघून म्हणाली, वा. मीही असंच म्हणालो होतो बहुतेक.

हात पुढे केला तिनं. म्हणाली, तो डबा द्या ना सर, आत्ताच मोजून—

एवढासा हात. माझा डबा टेबलाखाली, पायाजवळ. उचलला. मांडीपर्यंत आणला. खुबा थांबला. खरंच थांबला, क्षणभर, नुसत्या विचारानंच. किती दिवसांनी—

म्हणालो, डबा नाही. गेला कचऱ्यात. तो नियम कधीच नव्हता. चुकून पाटी लागली होती, काढली. कोणी पट्टी दिली तर घेऊ नकोस, बेटा, हात लावू नकोस, पुढे करू नकोस हात. नियम आहे.

ती म्हणाली, कोणता नियम?

मी म्हणालो, राज्याचा. लिहून ठेव.

तिनं लिहून घेतलं.

९ फेब्रु., रविवार. साखऱ्याचा तांडा

रिक्षातून. डबा मांडीवर, पट्ट्यांचा. आणि दुसरा, स्टीलचा.

दोन दिवस धनसिंग आला नव्हता. मीच आलो. त्यानं पट्टी आणणं बंद केलंय. पद्माबाईनं सांगितलंय, बास. त्या माणसाला मारू नका माझ्यापायी. आतून आवाज येतो. फाटक ओढल्यासारखा. मला तो ओळखता येतो अजून.

डॉक्टर म्हणाल्या होत्या, आज-उद्या. गोळी आता गिळता येत नाही तिला.

बाजेवर बसून लिहितो. अक्षर बघू नये.

धनसिंगनं पाणी दिलं. म्हणाला, साहेब, जा तुमी. तिचं तिला राहू द्या. तुमी लई घेतलं.

मी म्हटलं, तो सोमवार माझ्याकडे बाकी आहे अजून, एक दिवस तिचा. तो म्हणाला, कोणता सोमवार. विसरलाय. खरंच विसरलाय तो.

म्हटलं, आत जा. शेवटची पट्टी असेल उशाशी. ओवाळ आणि आण. मी मागतोय. कोणी सांगितलं नाही, मी मागतोय.

तो गेला नाही. उभा राहिला. मग आतून तिचा तो आवाज आला — मग गेला.

कोणीतरी मिरच्या टाकल्या चुलीत. डोळ्यांत—

स्टीलचा डबा घासून आणलाय. रिकामा देऊ नये, सरला म्हणते नेहमी. रस्त्यात दुकानावर थांबून साखर भरली. उंबऱ्याच्या आत ठेवला, बाजूला, पाय लागणार नाही असा. आंबील फार चांगली होती, एवढं सांगायचं होतं.

येतोय. तोंड मिटून. माझ्याकडे बघत नाही, बरोबर आहे.

हात पुढे